दही नेमकं कशामुळे लागलं?

सहावीच्या विज्ञान प्रकल्पासाठी शाळेनं जो कागद दिला होता, त्यावर नाव, तुकडी आणि विषय यांच्याखाली तीन मोठ्या चौकटी होत्या : स्वतंत्र चल (जे आपण मुद्दाम बदलतो), अवलंबी चल (त्यामुळे जे बदलतं आणि आपण मोजतो), नियंत्रित चल (जे सगळीकडे सारखं ठेवतो). माझ्या लेकीनं, मुक्तानं, विषय घेतला होता 'थंडीत दही उशिरा का लागतं?' आणि बसल्या बसल्या चौकटी भरूनही टाकल्या होत्या. स्वतंत्र चल : थंडी. अवलंबी चल : दही. नियंत्रित चल : दूध. झाला प्रकल्प, म्हणून बाईसाहेब सायकलची किल्ली शोधायला लागल्या.

तसं बघितलं तर यात चूक काहीच नव्हती. पण या तीन चौकटी घेऊन ओट्यासमोर उभं राहिलं तर हाताला काम काय, हे कळत नव्हतं. नाशिकचा डिसेंबर आपल्याला हवा तेव्हा कमी-जास्त करता येत नाही. आणि 'दही' मोजायचं म्हणजे नक्की काय मोजायचं? मी तिला म्हटलं, आधी आजीला विचारून ये. आमच्याकडे दही त्या लावतात.

"आजी, थंडीतसुद्धा सकाळी दही लागलेलं असतंच की. मग उशिरा लागतं असं का म्हणतेस?"

"अगं, मी थंडीत विरजण जास्त घालते ना. दूधही जरा चढं घेते, नुसतं कोमट नाही. आणि पातेल्याला टॉवेल गुंडाळून डब्यांच्या मागे ठेवते. मग लागतं बरोब्बर."

एका दमात तीन गोष्टी बदलल्या होत्या सासूबाईंनी. त्यांच्या बाजूनं तेच शहाणपणाचं आहे. त्यांना सकाळी ताटात दही हवं असतं. ते तिन्हीपैकी कशामुळे लागलं याची त्यांना काय पडलेली असणार? जे जे उपाय माहीत आहेत ते सगळे एकदम करून मोकळं व्हायचं. मुक्ताला मात्र कारण हवं होतं, आणि कारण हवं असेल तर यातले दोन उपाय हातचे सोडावे लागतात. स्वयंपाक आणि प्रयोग यांच्यातला हा फरक तिला समजावून सांगण्यापेक्षा आजीच्या उत्तराखाली एक, दोन, तीन असे आकडे घालून दाखवणं सोपं गेलं.

मग पाठकोरे कागद घेऊन आम्ही तिघी बसलो. दही लागण्यावर ज्याचा ज्याचा परिणाम होऊ शकेल ते सगळं लिहायचं, पटो न पटो. दूध गाईचं की म्हशीचं. तापवलेलं की कच्चं. साय आहे की काढलेली. किती गरम. विरजण किती, किती आंबट, किती दिवसांचं. फेटून घातलं की गोळा तसाच सोडला. भांडं स्टीलचं, काचेचं की मातीचं. झाकण. भांडं कुठे ठेवलं. मध्येच हलवलं का. सासूबाईंनी 'कुणाच्या हातचं' हेही लिहायला लावलं. त्यांच्या मते एकेकाच्या हाताला दही लागत नाही. मी हसले, पण मुक्तानं ते इमानदारीत लिहिलं, आणि पुढे ते उपयोगी पडलं.

यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे आम्ही खूण करत गेलो : हे आपण मुद्दाम बदलू शकतो का, सगळीकडे सारखं धरू शकतो का, की नुसतं लिहून ठेवू शकतो? स्वयंपाकघरातली हवा तिसऱ्या प्रकारातली. ती ना आपल्याला बदलता येते, ना एका जागी धरून ठेवता येते. विरजणात जिवाणू किती आहेत हे तर बघताही येत नाही. त्यावर एकच उपाय : सगळ्यांना एकाच वाटीतलं, नीट फेटलेलं विरजण, एकाच वेळी. शाळेच्या कागदावर या 'नुसतं लिहून ठेवा' प्रकाराला चौकट नाही. असायला हवी, असं माझं मत आहे. निम्म्या गोष्टी तिथेच जातात.

बदलायला काय घ्यायचं? सासूबाईंचं मत तापमानाला. मुक्तानं विरजणाचं प्रमाण घेतलं, कारण ते मोजायला सोपं वाटत होतं. शिवाय घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर दुधात घालायची तिची कल्पना फसली होती. तो जेमतेम बेचाळीसच्या आसपासपर्यंतच दाखवतो, त्यापुढे नुसतंच 'हाय'. तापमान सारखं ठेवायचं तरी मोजावं तर लागणारच, म्हणून प्रयोगशाळेचं सामान मिळतं त्या दुकानातून लाल रेषेचा, ११० अंशांपर्यंतचा काचेचा थर्मामीटर आणला.

विषय बदलून 'विरजण जास्त घातलं तर दही लवकर लागतं का?' असा झाला.

खरा घोळ दुसऱ्या चौकटीत झाला. मुक्तानं लिहिलं, 'दही लागायला लागणारा वेळ'. ठीक. पण लागलं हे ठरवणार कोण आणि कशावरून? दुधातल्या साखरेचं जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात. दुधाचा पीएच (आंबटपणा वाढेल तसा उतरणारा आकडा) साधारण ६.६ असतो, तो उतरत ४.६ च्या जवळ आला की केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून बसतं आणि दूध थिजतं. म्हणजे हे काही दिवा लागावा तसं एका क्षणात होत नाही. आम्ही आधी पीएचचे कागदी तुकडे वापरून बघितले. एकाच वाटीतला एकच कागद मुक्ताला पिवळा दिसला, आजीला नारिंगी. दोघी आपापल्या रंगावर ठाम. कागद ठेवून दिले.

शेवटी मोजपट्टी सासूबाईंकडेच निघाली. त्यांच्या बोलण्यात तीन पायऱ्या आधीपासूनच होत्या : दूध, अदमुरं, लागलेलं. फक्त कुठून कुठे काय म्हणायचं, ते पक्कं करायचं होतं. मुक्तानं कंपासपेटीतला कोनमापक लावून पुठ्ठ्याचा ४५ अंशांचा उतार केला. त्यावर कप तिरका धरायचा आणि मनात पाच आकडे मोजायचे. वरचा थर कडेपर्यंत वाहत आला तर दूध. थरथरला, थोडा सरकला, पण वाहिला नाही तर अदमुरं. हललाच नाही तर लागलं. आता आजी, मुक्ता आणि मी, तिघींचं उत्तर एक येऊ लागलं.

पण तिरकं केलेलं दही पुन्हा सरळ करून ठेवलं तर ते तेच दही राहतं का? "लागत असलेल्या दह्याला हात लावायचा नसतो," हा आजीचा नियम. म्हणजे बघणं हेसुद्धा बदलणंच. दर तासाला तोच कप तिरका केला तर आपण विरजणाचा परिणाम मोजतोय की हलवण्याचा, कळणार नाही. तोड अशी काढली की प्रत्येक तासासाठी वेगळा कप, आणि एकदा तपासलेला कप बाद. विरजणाची चार मापं, शिवाय एक कप विरजणाशिवायचा, आणि तपासायच्या पाच वेळा. पंचवीस कप. चहाच्या छोट्या कागदी कपांचं एक पाकीट आणलं. काचेचे ग्लास एवढे एकसारखे घरात कुणाकडे असतात?

दूध वाया जाऊ नये म्हणून आधी पाण्यावर रंगीत तालीम केली, आणि न विचारता बदलणाऱ्या गोष्टी तिथे सापडल्या. पातेल्यातून पंचवीस कप भरेपर्यंत पहिल्या आणि शेवटच्या कपात चांगला पाच अंशांचा फरक पडत होता. मुक्तानं आधी ४ मिलीवाले सगळे कप, मग २ मिलीवाले, असं ओळीनं भरायचं ठरवलं होतं. तसं केलं असतं तर जास्त विरजणाला जास्त गरम दूध मिळालं असतं आणि निकाल आपोआप 'बरोबर' आला असता. मग फेरीनं भरायचं ठरलं : प्रत्येक मापाचा एक कप, मग पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी गोष्ट जास्त चोरटी होती. विरजण फ्रिजमधलं, समजा ६ अंशांचं. ५० मिली दूध ४२ अंशांचं असेल आणि त्यात ४ मिली गार विरजण पडलं, तर मिश्रण ३९ च्या आसपास येतं. अर्धा मिली पडलं तर साडेएक्केचाळीसच्या वर राहतं. म्हणजे बदलायला घेतलं होतं विरजण आणि त्याच्या पदराला धरून तापमानही बदलत होतं. शिवाय एका कपात ५४ मिली आणि दुसऱ्यात साडेपन्नास, हेही होतंच. यावरचा तोडगा मुक्ताच्या बाबांनी येता-जाता सुचवला, आणि आजही मला तो या सगळ्यातला सर्वात देखणा भाग वाटतो. प्रत्येक कपात वरून एकूण ४ मिलीच घालायचं. कुठे ४ मिली विरजण, कुठे २ मिली विरजण आणि २ मिली दूध, कुठे १ आणि ३, कुठे अर्धा आणि साडेतीन, आणि विरजणाशिवायच्या कपात नुसतं ४ मिली दूध. हे वरचं दूधही विरजणाच्या वाटीशेजारी फ्रिजमध्येच ठेवलेलं. तापमान आणि आकारमान, दोन्ही एका फटक्यात सारखं झालं. मापासाठी औषधाच्या दुकानातून सुईविना २ मिलीची सिरिंज आणली. चमचा कधी शिगोशीग असतो, कधी सपाट.

दुधासाठी टोन्डच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या आणल्या, कारण त्यात स्निग्धांश ३ टक्के ठरलेला असतो. सासूबाईंनी नाक मुरडलं. "टोन्डच्या दुधाचं कसलं आलंय दही! म्हशीचं आणा." मुक्तानं त्यांना यादीतली ओळ दाखवली : दूध, सगळीकडे सारखं. कुठलंही चालेल, पण सारखं. सगळ्या पिशव्या एका पातेल्यात ओतून दूध तापवलं आणि साय यायच्या आत गाळून घेतलं.

तापमान धरून ठेवायला थर्माकोलचं खोकं आणि त्यात गरम पाण्याच्या दोन बाटल्या. एका जादा कपात थर्मामीटर उभा करून ठेवला होता, तो चाळीसवरून सुरू होऊन दुपारपर्यंत पस्तीसवर घसरला. मुक्ता रडकुंडीला आली. "आई, तापमान नियंत्रित राहिलंच नाही!" या जागी मोठी माणसंही अडकतात, म्हणून इथे थोडी थांबते. नियंत्रित म्हणजे न बदलणारं नव्हे, सगळ्यांना सारखं. पंचवीसही कपांचं तापमान एकत्रच घसरत असेल, तर एका कपाला दुसऱ्यापेक्षा काही जास्त मिळालेलं नाही.

त्या रात्री जेवताना तिला ब्रिटिश नौदलातल्या जेम्स लिंड या डॉक्टरची गोष्ट सांगितली. १७४७ साली 'सॅलिसबरी' या ब्रिटिश जहाजावर त्यानं स्कर्व्ही या आजाराचे बारा खलाशी घेतले, सगळे शक्य तितक्या सारख्या लक्षणांचे. त्यांना एकाच जागी ठेवलं, जेवण एकच दिलं, आणि दोघादोघांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला : कुणाला सफरचंदाची साइडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी. संत्री-लिंबू मिळालेली जोडी झपाट्यानं सुधारली. समुद्रावरची हवा लिंडच्या हातात नव्हतीच. पण जी होती ती बाराही जणांना सारखीच होती, आणि तेवढं पुरलं. "समुद्राचं पाणी मिळालेल्यांचं काय झालं?" मुक्ताचा प्रश्न. तिला तेच महत्त्वाचं वाटलं.

खोक्याच्या सगळ्या जागाही सारख्या नव्हत्या. बाटल्यांना चिकटलेल्या कपांना ऊब जास्त. म्हणून कुठला कप कुठे बसणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चिठ्ठ्या उचलायचं काम आजीचं. माप कपाच्या तळाला पेन्सिलीनं लिहिलं होतं. तिरकं करून बघणाऱ्याला ते दिसू नये म्हणून. मुक्ता बघणार, निकाल सांगणार, मी लिहिणार, आणि मगच कप उलटा करून तळ वाचायचा. 'कुणाच्या हातचं' ही सासूबाईंची ओळ इथे कामाला आली : कप भरले एकीनं, तपासले एकीनं, हात मध्येच बदलायचा नाही.

रविवारी सकाळी दहाला विरजण घातलं. पहिली तपासणी तीन तासांनी. ४ मिलीचा कप अदमुरा, बाकी सगळं दूध. चार तासांनी ४ मिलीचं लागलेलं, २ मिलीचं अदमुरं. पाच तासांनी २ आणि १ मिली, दोन्ही लागलेले; अर्ध्या मिलीचा कप तिरका करताच कडेवरून सांडला. सहा तासांनी तो अदमुरा. सात तासांनी तोही लागला. विरजणाशिवायचे कप शेवटपर्यंत दूधच राहिले. त्या कपांकडे मुक्ताचं आधी लक्षच नव्हतं, "त्यात काय होणार आहे?" असं तिचं म्हणणं. पण तेच कप नसते तर 'दूध नुसतं उबेत ठेवून आपोआपच लागलं असेल' असं कुणी म्हटल्यावर आपण काय दाखवणार होतो?

सासूबाईंनी या सगळ्याशी समांतर आपला एक कप लावला होता, मिरचीची देठं टाकून. विरजण संपलं की त्यांच्या माहेरी असंच लावत. दुसऱ्या दिवशी तो खरंच लागला, पातळसर. तो तक्त्यात घ्यायचा हट्ट त्यांनी धरला, पण मुक्तानं 'इतर निरीक्षणे' या मथळ्याखाली घेतला.

निकाल बघून मुक्ता खट्टू झाली होती. तिचा हिशेब सरळ होता : आठपट विरजण, तर आठपट लवकर. अर्ध्या मिलीला सात तास लागले तर ४ मिलीला तास सुद्धा लागायला नको होता. प्रत्यक्षात फरक पडला जेमतेम तीन तासांचा. मग आम्ही वहीवर ठिपके काढले. जिवाणू एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढतात. समजा तासाभरात दुप्पट होत असतील, तर एकानं सुरुवात करणाऱ्याला आठपर्यंत पोहोचायला तीनच तास लागतात. आठापासून सुरुवात करणारा तेवढाच पुढे राहतो, जास्त नाही. विरजण दुप्पट केलं की वेळ निम्मा होत नाही, एका दुपटीपुरता वाचतो. शिवाय जास्त विरजणाबरोबर त्यातलं तयार आम्लही येतं, हा आणखी एक गुंता, तो आम्ही लिहून ठेवला आणि तिथेच सोडला.

"म्हणजे मी थंडीत चमचाभर जास्त घालते त्यानं तासाभराचाच फरक पडतो?" सासूबाईंनी विचारलं. आणि मग स्वतःच, "म्हणून आंबट होत असेल."

पुढच्या रविवारी सगळं पुन्हा केलं. या वेळी विरजण शिळं होतं, त्यामुळे सगळेच आकडे थोडे सरकले. पण क्रम तोच राहिला. मुक्ताला दोन तक्ते जुळत नाहीत म्हणून पहिला फाडून टाकायचा होता. दोन्ही लावले, आणि खाली विरजण किती दिवसांचं ते लिहिलं.

शाळेत प्रकल्प मांडला तेव्हा बाईंनी विचारलं, "मग थंडीत दही उशिरा का लागतं?" मूळ विषय त्यांच्या लक्षात होता. मुक्ता म्हणाली, "ते आमच्या प्रयोगातून सांगता येत नाही. आम्ही तापमान सगळ्यांना सारखं दिलं होतं." घरी आल्यावर तिनं हे मला जरा घाबरतच सांगितलं, उत्तर आलं नाही असं समजून. जे सारखं ठेवलं त्याबद्दल प्रयोग मुका असतो, हे तिच्या पुस्तकात कुठेच नाही. ते तिला कपांनी शिकवलं. निष्कर्षातही तिनं 'विरजण वाढवल्यास दही लवकर लागते' एवढंच लिहून न थांबता पुढे जोडलं होतं : 'हे टोन्ड दुधासाठी, आमच्या घरच्या विरजणासाठी, ५० मिलीच्या कपात, ४० ते ३५ अंशांमध्ये.' बाईंनी त्या ओळीखाली रेघ मारून 'लांबलचक' असा शेरा दिला आहे. मला विचाराल तर अख्ख्या फाइलमधली ती सर्वात चांगली ओळ आहे.

आता टॉवेलचा प्रयोग करायचा आहे. दोन सारखी पातेली, एकाला टॉवेल, एकाला नाही, दोन्हीत दूध आणि विरजण तेवढंच. पण टॉवेल गुंडाळलेलं पातेलं थर्मामीटर बघायला दर तासाला उघडायचं कसं, यावर घरात अजून एकमत नाही. आणि सासूबाईंनी दूध म्हशीचंच घ्यायचं म्हणून आतापासून सांगून ठेवलं आहे.